अमळनेरात बोरीकाठी रेल्वेचे फोटो काढायचेत? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रेल्वेचे फोटो काढायला जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या अमळनेरला येतो म्हणणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. कुठे उभं राहू, कधी येऊ, पोलीस पकडतील का, कोणती लेन्स आणू. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवलंय. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथं सांगण्यासारखं खरंच खूप आहे. काही दोन ओळीत संपतात.

अमळनेरच का? गाड्या तर भुसावळला जास्त आहेत.

गाड्या मोजायच्या असतील तर भुसावळलाच जा, मी अडवणार नाही. पण मला नुसत्या गाडीचा फोटो नको असतो, मला गावातून जाणारी गाडी हवी असते, आणि त्यासाठी गाव एका नजरेत मावेल एवढंच पाहिजे. अमळनेर तसं आहे. बोरी नदी, नदीकाठचं जुनं गाव, दगडी दरवाजा, सखाराम महाराजांची वाडी, मिलचा परिसर आणि या सगळ्याला धरून जाणारी सुरत-भुसावळ लाईन.

या लाईनचा इतिहासही वेगळाच आहे. १९०० च्या आसपास सुरतेकडून अमळनेरपर्यंतचा रूळ टाप्ती व्हॅली रेल्वे कंपनीने टाकला आणि अमळनेरपासून जळगावपर्यंतचा तुकडा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा, म्हणजे दोन कंपन्या आपल्या गावात येऊन भेटल्या. आजूबाजूचा कापूस रेल्वेने बाहेर जायला लागला, प्रताप शेठजींची मिल आली, आणि त्याच शेठजींच्या पाठबळावर १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानाची संस्था, विचार करा. साने गुरुजी इथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिकवत होते. आज जगभर माहीत असलेली विप्रो १९४५ मध्ये इथं वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली. मराठी साहित्य संमेलन १९५२ ला इथं झालं आणि मग थेट २०२४ ला पुन्हा. स्टेशनवर उभं राहून कॅमेरा लावताना हे डोक्यात असलं की फ्रेममध्ये काय घ्यायचं ते आपोआप बदलतं, निदान माझं तरी बदललं. आधी मी फक्त इंजिन घ्यायचो फ्रेममध्ये, आता मागचा पाराचा कडुलिंब सोडवत नाही.

इथून कुठल्या कुठल्या गाड्या जातात?

नेहमीच्या म्हणजे नवजीवन एक्सप्रेस, ताप्ती-गंगा, अहमदाबाद-हावडा, सुरत-अमरावती, मुंबईहून भुसावळला येणारी खान्देश एक्सप्रेस, पुरीकडच्या गाड्या आणि आपली भुसावळ-सुरत पॅसेंजर. २०२५ च्या सप्टेंबरपासून उधना-ब्रह्मपूर अमृत भारत पण आली आहे. तिला दोन्ही टोकांना इंजिन असतं, एक ओढतं नि एक ढकलतं, त्यामुळे गाडी पुढे निघून गेल्यावर कॅमेरा खाली करू नका, शेवटचा फोटोही इंजिनाचाच मिळतो.

वेळा इथं मुद्दाम देत नाही, टाइमटेबल बदलतं आणि जुनी वेळ वाचून कोणी उन्हात दोन तास उभं राहावं असं मला वाटत नाही. निघायच्या आदल्या रात्री रेल्वेच्या एनटीईएस अॅपवर बघा, सकाळी परत बघा. मालगाडी मात्र त्यात दिसत नाही, तिच्यासाठी नुसतं थांबायचं. फाटकाजवळ उभे असाल तर गेटमनदादांचा फोन वाजला आणि ते उठले की समजायचं, काहीतरी येतंय. एकदा संध्याकाळी मी सामान आवरून गाडीला किक मारणार तेवढ्यात बकऱ्या हाकत चाललेले एक बाबा म्हणाले, "थांब ना भाऊ, गाडी येई राहिनी." त्यांना कसं कळलं ते मला आजही माहीत नाही, पण पाच मिनिटात रिकाम्या वाघिणींची लांबलचक मालगाडी आली आणि त्या दिवसाचा एकमेव चांगला फोटो तोच.

रुळाच्या कोणत्या बाजूला उभं राहू?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो, लेन्सचं मात्र सगळे विचारतात.

आपली लाईन ढोबळमानाने पूर्व-पश्चिम जाते, पूर्वेला जळगाव-भुसावळ, पश्चिमेला नंदुरबार-सुरत. अमळनेर साधारण २१ अंश उत्तरेला आहे. यावरून प्रकाशाचं पूर्ण गणित निघतं. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, डिसेंबरात भर दुपारी सुद्धा तो ४५ अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे रुळाच्या दक्षिण बाजूला उभं राहिलात तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत डब्यांची बाजू उजळलेली मिळते. नोव्हेंबर ते जानेवारी दक्षिण बाजू सोडूच नका.

उन्हाळ्यात उलटं. मे-जूनमध्ये सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, तो उत्तरेकडे साधारण २५ अंश सरकून उगवतो आणि मावळतानाही तसाच उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यातल्या सकाळी सात-साडेसातचा आणि संध्याकाळी सहाचा प्रकाश उत्तर बाजूला पडतो. हिवाळ्याची सवय झालेला माणूस मे महिन्यात दक्षिणेला उभा राहतो आणि गाडी काळी येते म्हणून कॅमेऱ्याला दोष देतो. मेच्या शेवटी आणि परत जुलैच्या मध्यात तर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, स्वतःची सावली पायाखाली जाते, त्या वेळी डब्याचं छप्पर चमकतं आणि बाजू, खिडक्या, माणसं सगळं अंधारात. ती दुपार घरी झोपायची.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या तोंडाची. सकाळी भुसावळकडे जाणारी गाडी घ्या, तिचं तोंड पूर्वेला म्हणजे उन्हात असतं. संध्याकाळी सुरतकडे जाणारी घ्या. एवढं एक ठरवलं तरी अर्धं काम झालं. बाकी प्रत्येक ठिकाणी रूळ थोडा वळलेला असतो म्हणून मोबाईलमधलं होकायंत्र काढून जागेवर एकदा बघून घ्या.

बोरीवरच्या रेल्वे पुलाचा फोटो कुठून चांगला येतो?

खालून, नदीच्या पात्राच्या बाजूने, आणि पुलापासून लांब. नवीन माणूस पुलाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जातो, मग त्याला पुलाचे खांब मिळतात पण नदी मिळत नाही. मागे या. शंभर पावलं, दीडशे पावलं. नदी दक्षिणेकडून उत्तरेला तापीकडे वाहते आणि रूळ तिला आडवा छेदतो, त्यामुळे हिवाळ्यात पुलाच्या दक्षिणेकडच्या पात्रातून उत्तरेकडे बघत फोटो घेतलात तर सूर्य पाठीशी राहतो, गाडी उजळते आणि पाणी असेल तर प्रतिबिंबही येतं. सावलीचित्र हवं असेल, म्हणजे काळी गाडी आणि मागे लाल आभाळ, तर हिवाळ्यात पुलाच्या उत्तरेकडून बघा.

दुहेरीकरण झाल्यापासून एक अडचण झालीये. उधना-जळगाव हा सुमारे ३०७ किलोमीटरचा पट्टा आधी एकेरी होता, आता दोन रूळ आणि वर वायर. पलीकडच्या रुळावरून गाडी आली तर चाकं दिसत नाहीत, आणि नेमकी त्याच वेळी अलीकडून मालगाडी आली तर काहीच दिसत नाही. त्यावर उपाय नाही. हसायचं आणि पुढच्या गाडीची वाट बघायची.

पात्रात उतरण्याबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. वर पारोळा तालुक्यात तामसवाडीला बोरी धरण आहे. पावसाळ्यात तिथून पाणी सोडलं की कोरड्या पात्रात पाणी यायला वेळ लागत नाही, आणि इथं आभाळ निरभ्र असलं तरी वर पाऊस असू शकतो. दुसरं म्हणजे वाळू उपशाचे खड्डे. वरून गुडघाभर पाणी दिसतं आणि पुढचं पाऊल छातीएवढ्या खोल जातं. जून ते ऑक्टोबर पात्रात उतरूच नका, काठावरून काढा, काठावरून पण छान येतात. आणि पुलावर पायी कधीही नाही. पुलावर बाजूला व्हायला जागा नसते, एवढंच कारण पुरे आहे.

परवानगी लागते का?

रेल्वेच्या हद्दीबाहेर, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरून, नदीकाठावरून, शेतमालकाला विचारून त्याच्या बांधावरून काढायला रेल्वेची परवानगी लागत नाही. स्टेशनात जायचं तर तिकीट पाहिजे, प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयाचं, दोन तास चालतं. स्वतःच्या हौसेपुरते फोटो वेगळे आणि जाहिरात, सिनेमा, प्री-वेडिंग वगैरेचं शूटिंग वेगळं, अशा व्यावसायिक कामाला रेल्वेकडून रीतसर लेखी परवानगी आणि फी लागते. मी हौसेसाठी गेलो तरी आधी स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात डोकावून "साहेब, दोन गाड्यांचे फोटो काढतो, पिवळ्या पट्टीच्या मागेच थांबेन" एवढं सांगतो. त्याने फरक पडतो.

रुळावर जाणं हा गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायद्यापेक्षा साधं कारण असं की आता इलेक्ट्रिक इंजिनाची गाडी आवाज न करता येते. डिझेल इंजिन दोन किलोमीटरवरून ऐकू यायचं, आता वारा उलटा असेल तर गाडी जवळ येईपर्यंत कानाला काही लागत नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की आजूबाजूचं भान आधीच कमी झालेलं असतं. म्हणून रुळापासून लांब, रेल्वेच्या हद्दीबाहेर, हे एकदा ठरवून टाका आणि त्यावर परत विचारच करू नका.

आरपीएफवाल्यांनी (रेल्वे सुरक्षा दल) अडवलं तर?

कॅमेरा खाली करा, तिकीट दाखवा, काय काढताय ते त्यांना स्क्रीनवर दाखवा. बहुतेक वेळा तिथंच संपतं. माझ्यावर एकदा एका स्टेशनवर (अमळनेर नव्हे) कार्डातले सगळे फोटो डिलीट करायची वेळ आली, हातात तिकीट होतं, पट्टीच्या मागे उभा होतो, तरी. वाईट वाटलं, सकाळचे धुक्यातले फोटो होते त्यात. पण वाद घातला नाही. घरी येऊन रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बरेचसे परत मिळाले, कारण डिलीट केल्यावर त्या कार्डावर मी एकही नवीन फोटो घेतला नव्हता. हे लक्षात ठेवा, कार्ड लगेच बदलायचं.

कोणता महिना चांगला?

माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर. पावसाने हवा धुतलेली असते, नदीला थोडं पाणी असतं, शेतात कापूस फुटलेला असतो आणि पांढऱ्या कापसामागून लाल-करड्या डब्यांची गाडी गेली की वेगळं काही करायची गरजच नसते. जानेवारीत दादर ज्वारी उभी असते आणि पहाटे नदीवर धुकं, त्यासाठी लवकर उठायला लागतं पण.

उन्हाळा खान्देशचा आहे, तापमान ४४-४५ च्या घरात जातं. फोटोसाठी त्यातली मोठी अडचण माणसाला होणाऱ्या त्रासाच्या पुढची आहे. रूळ, खडी, वाळू तापली की हवा थरथरते आणि लांबच्या लेन्सने काढलेला फोटो विरघळल्यासारखा येतो. मी दोन उन्हाळे माझी लेन्स खराब आहे असं समजत होतो, सर्व्हिसिंगला पण दिली. लेन्स ठीक होती, मृगजळ होतं ते. सकाळी नऊनंतर लांबून काढू नका, जवळच्या वस्तूंवर काम करा, म्हणजे स्टेशनवरचा पाण्याचा नळ, बाकड्यावरची माणसं, खिडकीतले हात.

पावसाळ्यात आभाळ सुंदर असतं. एसीच्या गाडीतून उतरलात की लेन्सवर वाफ धरते, दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा बॅगेतच राहू द्या.

कॅमेऱ्याची सेटिंग काय ठेवू?

हिशोब करून बघा म्हणजे पाठ करावं लागणार नाही. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. एलएचबीचा, म्हणजे आताच्या नव्या पद्धतीचा, एक डबा साधारण साडेतेवीस मीटरचा, म्हणजे सेकंदाला एक डबा तुमच्यासमोरून जातो आणि २२ डब्यांची अख्खी गाडी २० सेकंदात संपते. शटर १/२५० ठेवलं तर तेवढ्यात गाडी ११ सेंटिमीटर सरकते, आडव्या गाडीचा नंबर वाचता येणार नाही असा पुसट येतो. १/१००० ला ती तीनेक सेंटिमीटरच सरकते. म्हणून आडवी गाडी असेल तर १/१००० किंवा जास्त, समोरून तिरकी येत असेल तर १/५०० वर पण भागतं. अॅपर्चर ५.६ ते ८, आयएसओ जेवढा लागेल तेवढा, दाणे आले तर आले.

फोकस गाडी यायच्या आधीच ठरवून ठेवा. जिथं इंजिन आलं की बटण दाबायचं ती जागा आधी बघून ठेवायची, एखादा खांब, एखादं झुडूप, त्यावर फोकस लॉक करायचा आणि मग हात लावायचा नाही. इंजिनाच्या हेडलाइटमुळे कॅमेरा फसतो आणि पूर्ण फोटो काळा करतो, त्यामुळे एक्सपोजर पण आधीच मॅन्युअलवर.

पॅनिंग करायचं असेल, म्हणजे गाडी स्पष्ट आणि मागचं गाव धावतंय, तर १/६० च्या आसपास, पाय घट्ट, कंबरेतून वळायचं आणि बटण दाबल्यावर सुद्धा वळत राहायचं. पहिले पन्नास वाया जातील. एक्कावन्नावा जमेल.

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे.

मग मोबाईलने काढा, काय बिघडतंय. फक्त आडव्या धावत्या गाडीचा मोबाईलवर फोटो काढला की डबे तिरपे झुकल्यासारखे येतात, कारण मोबाईलचा सेन्सर चित्र एका दमात नाही, ओळीओळीने वाचतो. त्यामुळे मोबाईलला गाडी समोरून येताना किंवा लांबून पुलावर छोटी दिसताना घ्या. बोटाने झूम करू नका, टू-एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश लॉक करा, एचडीआर बंद, बर्स्ट चालू. लेन्सची काच आधी पुसा, खिशातली धूळ असते तिच्यावर. मोबाईलने नदी, आभाळ, गाव असं मोठं चित्र उलट छान येतं.

वायर आणि खांब फोटो खराब करतात, एडिटमध्ये काढून टाकू का?

मी काढत नाही. वायर खरी आहे, २५ हजार व्होल्टची आहे आणि आत्ताच्या काळाची खूण आहे. पन्नास वर्षांनी कोणी हा फोटो बघेल तेव्हा त्याला हे साल कळायला पाहिजे. जुन्या कोळशाच्या इंजिनाच्या फोटोतला धूर कोणी पुसला असता तर आपल्याला चाललं असतं का? खांबांचं गणित मात्र जमवता येतं, इंजिनाच्या तोंडावर खांब येऊ द्यायचा नाही, दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत इंजिन आलं की बटण.

आणि ह्या वायरमुळेच सेल्फी स्टिक, ट्रायपॉड, मोनोपॉड असलं काही पादचारी पुलावरून वर किंवा बाहेर धरू नका. हात लागायचीही गरज नसते, नुसतं जवळ गेलं तरी धक्का बसतो.

मालगाडीत काय बघायचं? सगळ्या सारख्याच दिसतात.

अजिबात सारख्या नसतात! कोळशाच्या उघड्या वाघिणी वेगळ्या, कंटेनरची रांग वेगळी, टँकर वेगळे. इंजिनांत वॅग-९ हिरवं, वॅग-७ बहुतेक वेगवेगळ्या रंगात, आणि वॅग-१२ म्हणजे दोन जोडलेल्या भागांचं १२ हजार अश्वशक्तीचं धूड, बिहारमधल्या मधेपुऱ्याला बनतं. मालगाडी सहा-सातशे मीटर लांब असते आणि हळू जाते, त्यामुळे तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. एक फोटो इंजिनाचा, मग वळून गावाकडे, फाटकावर अडकलेल्या मोटारसायकली, ट्रॅक्टरवरची पोरं, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन थांबलेली अक्का. शेवटच्या डब्यातून हिरवा झेंडा दिसला की तोही घ्या. शिकायला मालगाडीसारखा मास्तर नाही असं मी नवीन मुलांना नेहमी सांगतो.

ड्रोन उडवू का?

नको. रेल्वेच्या हद्दीवर रेल्वेच्या परवानगीशिवाय नाही, आणि चालू वायरच्या वर काही पडलं तर पूर्ण लाईन बंद पडते. उंची हवी असेल तर गावात ओळख काढा, कोणीतरी गच्चीवर जाऊ देतंच, वर चहा पण मिळतो.

रात्रीचे फोटो?

रेल्वे हद्दीबाहेरून ट्रायपॉड लावून १० ते २० सेकंदाचं एक्सपोजर, गाडीच्या खिडक्यांची पिवळी रेघ येते आणि पाण्यात तिचं प्रतिबिंब. फ्लॅश कधीच नाही. समोरून येणाऱ्या लोको पायलटच्या डोळ्यावर फ्लॅश मारणं म्हणजे हजार-दीड हजार लोकांच्या जिवाशी खेळ आहे, यात मी कोणाचं ऐकून घेत नाही.

यात्रेत आलो तर चालेल का?

यात्रेतच या. सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात भरते, एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, आणि बोरीचं पात्र दुकानांनी, पाळण्यांनी भरून जातं. अमळनेरला खान्देशचं प्रतिपंढरपूर म्हणतात ते याच दिवसांत समजतं. रथ आणि गाडी एका फ्रेममध्ये मिळेल या आशेने येऊ नका. स्टेशनवर थांबा. पॅसेंजरमधून उतरणारी माणसं, टाळ, पताका, डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, टोपीवाले आजोबा आणि त्यांचा हात धरून उतरवणारी सून. रेल्वेचा याहून चांगला फोटो मला माहीत नाही.

त्याच्या थोडं आधी आखाजी असते. बाहेरच्यांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं खरेदी वाटते, आपल्याकडे आखाजी म्हणजे लेकी माहेरी येण्याचा सण, झाडाला झोके, गाणी. आखाजीच्या आदल्या दिवशी प्लॅटफॉर्मवर फक्त तासभर बसा. मुलीला घ्यायला आलेला बाप गाडी थांबायच्या आधीच डब्याबरोबर चालायला लागतो, खिडकी शोधत. तो चेहरा टिपायला मला चार आखाज्या लागल्या.

लोकांचे फोटो काढताना काय काळजी घ्यायची?

विचारायचं. आधी जमलं नाही तर नंतर दाखवायचं, आणि नको म्हणाले तर समोरच डिलीट. "काय करी राहिना भाऊ?" असं कोणी विचारलं की ती तक्रार नसते, चौकशी असते, दोन मिनिटं बोला. अहिराणी येत नसली तरी चालतं, ऐकून हसलात तरी पुरतं. ट्रॅकवर काम करणाऱ्या माणसांना कामाच्या मध्येच हाक मारू नका, त्यांचं लक्ष गाडीकडे असायला पाहिजे. आणि फोटो पाठवतो म्हणालात तर खरंच पाठवा, मी प्रिंट काढून नेतो, पोस्टकार्ड साइजची, आणि त्यानंतर त्या फाटकावर मला कधी परकं वाटलेलं नाही.

खान्देशात अजून कुठे जाऊ?

भुसावळजवळ खंडव्याच्या लाईनवरचा तापीचा पूल, तिथं पाणी भरपूर आणि गाड्याही भरपूर. आपल्याच लाईनवर पाळधी ते जळगावच्या मध्ये गिरणेचा पूल, बांभोरीजवळ. जमलं तर पाचोरा-जामनेर पण बघून या. ती छोटी नॅरोगेज, आपली 'पीजे', २०२० मध्ये बंद झाली, आता ब्रॉडगेज होणार म्हणून. ज्यांनी चालू असताना तिचे फोटो काढले त्यांच्याकडे आज खजिना आहे, आणि मी त्यातला नाही याची हळहळ मला आहे, पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ करत राहिलो.

आणि चाळीसगाव. तिथं रेल्वे स्टेशनजवळच केकी मूस यांचा बंगला आहे. १९१२ ते १९८९ असं त्यांचं आयुष्य, टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचं नाव फार मोठं, म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून असा देखावा उभा करायचा की बघणाऱ्याला खरा वाटावा. आयुष्यातली कित्येक दशकं ते त्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. रोज रात्री येणाऱ्या पंजाब मेलने आपली प्रिया येईल म्हणून ते वाट बघायचे, असं चाळीसगावात सांगतात. फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने तो बंगला एकदा बघावा. तिथून बाहेर आलं की प्लॅटफॉर्मकडे नुसतं बघत बसावंसं वाटतं.

खायचं काय?

हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकर, बाकी वर्षभर शेवभाजी. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा. पाणी घरूनच दोन लिटर आणा.

लहान मुलांना आणू का?

हो, आणा, पण त्या दिवशी कॅमेरा घरी ठेवा. दोन्ही एकदम होत नाही, व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा असताना मुलाचा हात सुटतो. पोरांना डबे मोजायला लावा, कोणाचा आकडा बरोबर येतो ते बघा. त्यांच्याकडून मला कळलं की ते इंजिन बघतच नाहीत, ते हात हलवणाऱ्या माणसांकडे बघतात.

घरात अमळनेर स्टेशनचे, मिलचे जुने फोटो सापडलेत. त्यांचं काय करू?

आधी ते प्लॅस्टिकच्या चिकट अल्बममधून बाहेर काढा, चिकटलेले असतील तर ओढू नका, फोटोसकट पानाचाच फोटो काढून ठेवा. सुटे असतील तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा, पुढची बाजू आणि मागची पण, कारण मागे स्टुडिओचा शिक्का किंवा कोणाच्या हस्ताक्षरात तारीख असते. आणि हे सगळं करायच्या आधी तो फोटो घेऊन घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि विचारा, हा कोण, मागची भिंत कशाची, गाडी कुठली. माझ्या आजोबांचा प्लॅटफॉर्मवरचा एक फोटो आहे, त्यात शेजारी पगडीवाले एक गृहस्थ उभे आहेत. आजी होती तोवर मी विचारलं नाही. आता घरात कोणालाच त्यांचं नाव माहीत नाही. तुमच्याकडे अजून कोणी सांगणारं असेल तर आज संध्याकाळीच बसा, आणि नाव कळलं की फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने लिहा, पेनाने नको, शाई पुढे उतरते.